आयर्नचं इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलंय: कुठून घ्यावं, कुठे लावून घ्यावं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. वहिनीसाठी विचारतेय. तिला तिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.६ आलं. चौथ्या महिन्यात ९.१ होतं. मध्ये लाल गोळ्या चालू होत्या, पण तिला त्या पचतच नाहीत. गोळी घेतली की तासाभरात मळमळ, आणि पोट साफ होत नाही ते वेगळंच. किती पोटात गेल्या आणि किती डब्यात राहिल्या, तिलाच ठाऊक. वजन आता ४८ किलो, दिवस राहिले तेव्हा ४२ होतं.

आम्ही लातूरकडचे. तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांनी चिठ्ठीवर फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज १००० एमजी लिहून दिलंय. "बाहेरून घेऊन या, मग लावू" म्हणाले. गावातल्या मेडिकलवर ते मिळालं नाही. दुकानदार म्हणाला, "आयर्न सुक्रोज आहे, तेही आयर्नच. शंभरचे दहा अँप्युल न्या, हजार झाले." ओळखीतले एक कंपाउंडर म्हणतात, घरी येऊन सलाईनमधून देतो, दवाखान्याचा खर्च वाचेल. आई म्हणते, आमच्या वेळी कमरेत सुया घ्यायचो, काही झालं नाही. भाऊ घाबरून रक्तच चढवा म्हणतोय.

माझं डोकं चालेनासं झालंय. इंजेक्शन कुठून आणायचं, सुक्रोज चालेल का, घरी लावलं तर काय बिघडतं? कुणी घेतलं असेल तर कृपया सांगा.

औषधपेटी

ताई, आधी ते दहा अँप्युल आणू नका. आणले असतील तर कुणालाही लावू देऊ नका. कोल्हापुरात माझं मेडिकल आहे, रोज ही दोन्ही इंजेक्शनं हाताखालून जातात, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज, म्हणजे आम्ही ज्याला एफसीएम म्हणतो, आणि आयर्न सुक्रोज यांत लोह आहे हे खरं. पण त्या लोहाभोवतीचं साखरेचं कवच वेगळं आहे. एफसीएमचं कवच घट्ट असतं, लोह हळूहळू सुटतं, म्हणून एका बैठकीत मोठा डोस चालतो. सुक्रोजचं तसं नाही. ते एका वेळी साधारण २०० एमजी, दिवसाआड, आणि आठवड्याला ६०० च्या वर नाही. कुणी "हजार लिहिलंय ना" म्हणून सुक्रोजचे दहा अँप्युल एकाच बाटलीत घातले तर सुटं लोह एकदम रक्तात येतं, बीपी कोसळू शकतो. दुकानदाराने बदली औषध देताना डॉक्टरांना फोन करायला हवा होता. इथे नाव बदललं की डोसचं सगळं वेळापत्रकच बदलतं.

खरेदीचं म्हणाल तर: हे चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही, आणि पक्क्या बिलाशिवाय घ्यायचंही नाही. बिलावर बॅच नंबर असतो. तो खोक्यावरच्या आणि कुपीवरच्या नंबराशी जुळतो का, ते काउंटरवरच बघा. एक्स्पायरी बघा. एफसीएम एक मिलीत ५० एमजी असतं, म्हणजे १० मिलीची कुपी ५०० ची आणि २० मिलीची हजाराची. रंग मुळातच गडद तपकिरी असतो, त्यामुळे आतला गाळ पटकन दिसत नाही. उजेडासमोर कुपी तिरकी करून तळ बघायचा. फ्रीज लागत नाही, ३० अंशांच्या खाली ठेवलं की पुरतं, पण गोठू द्यायचं नाही. लातूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. फोडलेली कुपी त्याच वेळी वापरायची, उरलेलं ठेवून पुढच्या आठवड्यात वापरायचं नाही.

किमतीबद्दल. भारतात एफसीएमचं पेटंट व्हिफोर या स्विस कंपनीकडे होतं, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं. त्यानंतर बऱ्याच भारतीय कंपन्यांचा माल बाजारात आला. आता तेच औषध वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि छापील किमतीत मोठी तफावत असते. म्हणून डॉक्टरांना विचारा, "हाच ब्रँड हवा की या औषधाचा कुठलाही चांगल्या कंपनीचा चालेल?" कुठलाही चालेल म्हणाले तर जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन दुकानांत फोन करून दर विचारा. विचारायला लाजू नका.

पाटावरवंटा

बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, अळीवाचे लाडू द्या. माझ्या सुनेचं त्यानेच वाढलं होतं. इंजेक्शनं म्हणजे कंपन्यांचा धंदा.

शेवंती

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, विदर्भातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात काम करते. वहिनींना मी तपासलेलं नाही. तेव्हा पुढचं वाचून तुमच्या डॉक्टरांशी बोला, त्यांच्याऐवजी म्हणून धरू नका.

पाटावरवंटा काकू, लाडू जरूर द्या, मी सगळ्याच गरोदर बायकांना अळीव, डाळी, पालेभाज्या, खात असतील तर मटण-मासे-कलेजी सांगते. पण हिशोब बघा. तूट काढायचं जुनं सूत्र आहे: वजन गुणिले हव्या आणि असलेल्या हिमोग्लोबिनमधला फरक गुणिले २.४, आणि वर साठ्यासाठी ५००. वहिनींचं आधीचं वजन ४२, लक्ष्य ११ धरलं तर ४२ × ३.४ × २.४ म्हणजे साधारण ३४३, अधिक ५००, म्हणजे ८४० च्या आसपास एमजी लोह कमी आहे. जेवणातून आतड्यात शोषलं जाणारं लोह दिवसाला काही मोजके एमजी. शिवाय बाळ रोज आपला वाटा ओढतंय. हातात आठवडे आहेत दहा. निव्वळ आहारावर हे जमणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे अजून कुणी विचारलं नाही. ७.६ आलं म्हणजे लोहच कमी आहे हे कशावरून? फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, केलीय का? सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, किती आहे आणि आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशी, किती आहेत? एमसीव्ही कमी, पण आरबीसींची संख्या चांगली पाच-साडेपाच दशलक्ष असेल तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या हिमोग्लोबिनमधल्या दोषाचा, संशय घ्यावा लागतो. एमसीव्हीला आरबीसीने भागून उत्तर १३ च्या खाली आलं की आम्ही एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी सांगतोच. अर्थात थॅलेसेमिया मायनर असलेल्या बाईलाही लोहाची कमतरता असू शकते, पण मग ते फेरिटिनने ठरवायचं, अंदाजाने नाही. एमसीव्ही उलट शंभरच्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडकडे बघायचं. आपल्याकडे शाकाहारी घरांत दोन्ही कमतरता एकत्र असतात, मग एमसीव्ही मधेच कुठेतरी येतो आणि फसवतो.

डोसबद्दल. एफसीएम सलाईनमधून देताना कमाल मर्यादा किलोला २० एमजी, आणि एका वेळी हजारच्या वर नाही. गरोदरपणात वजन आधीचं धरायचं. ४२ × २० म्हणजे ८४०. म्हणजे वहिनींना १००० एकदम बसत नाहीत. बहुधा तुमच्या डॉक्टरांनी एकूण डोस लिहिला असेल आणि ते दोन वेळा ५००-५०० देणार असतील, मधे किमान आठवडा. पण विचारून घ्या. शक्य असेल तर ५०० च्या दोन कुप्या घ्या, २० मिलीची एक नको. मोठी कुपी अर्धी वापरून अर्धी ठेवण्याचा मोह तिथेच संपतो.

रक्त चढवण्याबद्दल भावाला समजवा. तिसावा आठवडा, रक्तस्राव नाही, धाप नाही, ७.६, या स्थितीत आधी लोह. चौतीस आठवड्यांनंतरही सातच्या खाली असेल किंवा कधीही पाचच्या खाली गेलं तर रक्ताचा विचार होतो. पण बसल्या जागी धाप लागणं, छातीत धडधड, पायाबरोबर तोंडावर सूज असं काही दिसलं तर आकड्यांकडे न बघता लगेच दवाखाना.

घरी लावण्याबद्दल फार स्पष्ट सांगते: नको. या इंजेक्शनांची गंभीर ॲलर्जी क्वचित येते, खरंच क्वचित. पण येते तेव्हा पहिल्या मिनिटांत येते, आणि मांडीत ॲड्रेनालिन देणारा, ऑक्सिजन लावणारा माणूस तिथेच असावा लागतो. गरोदर बाईत बाळाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून आम्ही तेही ऐकतो. इंजेक्शन संपल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. कंपाउंडर कितीही हातखंडा असला तरी त्याच्या पिशवीत हे नसतं.

मांजराकाठ

शेवंती मॅडम, खूप आभार. रिपोर्ट काढून बघितला. एमसीव्ही ६६, आरबीसी ३.६. फेरिटिन केलेलंच नाही. ६६ भागिले ३.६ म्हणजे १८ च्या वर येतंय. म्हणजे थॅलेसेमिया नाही असं समजायचं?

शेवंती

लोहाच्या बाजूने कौल जातोय इतकंच. तो नुसता भागाकार आहे, निदान नाही. फेरिटिन करून घ्या. गरोदरपणात ३० च्या खाली आलं की कमतरता नक्की. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वर जातं, आणि अंगात चांगला जंतुसंसर्ग असेल तर लोहाचं इंजेक्शनही पुढे ढकलावं. लघवीची तपासणी सोबत करा, गरोदरपणात लघवीचा संसर्ग बऱ्याचदा काहीही न दुखता असतो.

रानवाट

मी नंदुरबार जिल्ह्यात उपकेंद्रावर काम करते. मॅडमच्या यादीत एक भर: सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. आमच्या भागात, तसंच गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यांत हिमोग्लोबिन कमी दिसलं की आधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग पक्की तपासणी. सिकलसेलचा त्रास असलेल्या मुलीला वर्षानुवर्षं "रक्त कमी" म्हणून लोह देत राहिलेलं मी पाहिलंय. तिच्या रक्तपेशी लवकर फुटतात, लोह शरीरातच राहतं, रक्त चढवलं असेल तर आणखी साठतं. वरून लोह ओतायच्या आधी फेरिटिन बघायलाच हवं. वहिनी लातूरकडची असली तरी माहेर कुठलं ते विचारा, नात्यात कुणाला सिकलसेल आहे का तेही.

दुसरं, खर्चाचं. ताई, तुम्ही सरकारी दवाखान्यात का नाही जात? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या, रक्त, सगळं मोफत. नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, त्या दिवशी डॉक्टरांकडून तपासणी होते आणि जोखमीच्या मातांची वेगळी नोंद होते. आयर्न सुक्रोज ग्रामीण रुग्णालयात बहुतेक वेळा असतं. एफसीएमचा साठा कधी असतो कधी नसतो, आधी आशाताईंना विचारायला सांगा. त्यांना कुठे काय शिल्लक आहे ते बरोबर माहीत असतं.

गोळ्यांचंही बोलू या. बायका गोळ्या टाकून देतात त्याला त्यांचा हट्ट म्हणून सोडून देऊ नका. मळमळ खरी असते. रात्री झोपताना, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून निदान तासभर लांब, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, एवढं सांगितलं तरी निम्म्या बायकांना जमतं. शौच काळं होतं ते लोहामुळे, घाबरायचं नाही, हे आधीच सांगावं लागतं. नाहीतर पहिल्याच दिवशी गोळी बंद.

खाडीकिनारा

मी गरोदर नाही, पण माझा अनुभव कामाचा ठरेल. गर्भाशयात गाठी, पाळीत दर तासाला पॅड बदलावं लागायचं. हिमोग्लोबिन ८.२, फेरिटिन ४. जिना चढताना मधेच थांबायचे, बर्फ चघळायची सारखी इच्छा व्हायची. ठाण्यात एका रुग्णालयाच्या डे केअरमध्ये एफसीएम घेतलं. आठवडाभरात बर्फाची ओढ गेली, हिमोग्लोबिन वाढायच्याही आधी. महिन्याने ११ च्या वर.

पण एक वाईट गोष्ट. दुसऱ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी, सुई शिरेच्या बाहेर सरकली. जळजळ होतेय म्हणून सांगत होते, तर "थोडं होतंच" म्हणून चालू ठेवलं. कोपराच्या आत तळहाताएवढा तपकिरी डाग पडला, अजून तसाच आहे, लेझरवालेही पूर्ण जाईल याची खात्री देत नाहीत. कृपया लक्षात ठेवा: टोचल्या जागी जळजळ, फुगवटा, ओढल्यासारखं काही वाटलं तर लगेच "थांबवा" म्हणा. मोठ्याने म्हणा. आणि मनगटाच्या किंवा कोपराच्या वाकणाऱ्या जागेपेक्षा दंडाखालची सरळ शीर मागा.

शेवंती

खाडीकिनारा, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. आधी साध्या सलाईनने शीर नीट चालते का बघायची आणि मगच लोह सोडायचं, हा नियम आहे. नेमका गर्दीच्या वेळी तोच गाळला जातो. मांजराकाठ यांच्या आईंनी सांगितलेल्या कमरेतल्या सुयांचंही हेच. त्या खोल स्नायूत द्यायच्या, कातडी बाजूला ओढून. दुखायच्या, गाठ व्हायची, कातडीवर काळपट डाग राहायचे, आणि लोह किती शोषलं जाईल याचा भरवसा नसायचा. जुन्या आयर्न डेक्स्ट्रानला गंभीर ॲलर्जीही जास्त यायची, म्हणून आधी थोडा चाचणी डोस देत. आताच्या औषधांना चाचणी डोसचा उपयोग नाही, युरोपच्या औषध संस्थेने २०१३ मध्येच तो बंद करायला सांगितला, कारण चाचणी डोस सुखरूप गेला म्हणून पुढचा सुखरूप जाईलच असं नसतं. तेव्हा "टेस्ट डोस देऊन घरी लावतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि खाडीकिनारा, गाठींचं काय केलंत? पाळी तशीच जात राहिली तर वर्षभरात फेरिटिन परत चारवर येईल.

खाडीकिनारा

गाठींचं ऑपरेशन झालं. हिमोग्लोबिन वाढवून मगच केलं, त्यामुळे रक्त चढवावं लागलं नाही.

साक्षेप

थोडं विरोधात बोलतो. २०१९ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये भारतातलाच मोठा अभ्यास आला होता. सरकारी रुग्णालयांतल्या सुमारे दोन हजार गरोदर बायका, एका गटाला आयर्न सुक्रोज, दुसऱ्याला गोळ्या. आई-बाळाच्या गंभीर परिणामांत ठळक फरक दिसला नाही. मग स्वस्त गोळी सोडून सगळ्यांना सुई टोचायचा आग्रह का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया दिसला. एवढ्या सगळ्यांना डे केअरमध्ये बसवणार का?

शेवंती

नाही बसवणार, आणि बसवूही नये. साक्षेप, तुमचं म्हणणं मला पटतं. विसाव्या आठवड्यात ९.५ असलेल्या, गोळी पचणाऱ्या बाईला सुई द्यायचं कारण नाही. ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमाच्या सूचनाही हेच सांगतात: मध्यम ॲनिमियाला आधी रोज दोन गोळ्या, महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एकाने वाढलं का बघायचं. गोळी चालत नाही, वाढ होत नाही, किंवा दिवस उरले नाहीत, तेव्हा शिरेतून. वहिनी या तिन्हींत बसतात.

गोळीबद्दल आणखी एक. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की लोहसाठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांत दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोहाचा जास्त वाटा शोषला जातो. गोळी घेतल्यावर यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते आतड्याचं दार दुसऱ्या दिवसापर्यंत अर्धवट बंद ठेवतं. गरोदर नसलेल्या, मळमळणाऱ्या बाईला हा मार्ग मी आवर्जून सांगते. गरोदरपणात मात्र सरकारी कार्यक्रमात रोजची गोळीच आहे, स्वतःच्या मनाने दिवसाआड करू नका.

परळकर

शेवंती मॅडमनी फॉलिक ॲसिडचा उल्लेख केला म्हणून सांगावंसं वाटतं. ते कोडं सुटायला सुरुवात आपल्या मुंबईत झाली. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर इथे आली, परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत बसून गिरणी कामगार गरोदर बायकांचा ॲनिमिया अभ्यासला. लोह देऊन तो बरा होत नव्हता. मोठ्या पेशींचा ॲनिमिया होता तो. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, बायका सुधारल्या. तिने ते १९३१ मध्ये छापलं. त्यातला घटक म्हणजे फॉलिक ॲसिड हे पुढे कळलं. आजच्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला फॉलिक ॲसिड असतं, त्यामागे परळच्या चाळींतल्या त्या बायका आहेत. माझी पणजी त्याच काळात गिरणीत होती.

धुकेरी

इंग्लंडहून. इथे मला बाळंतपणानंतर फेरिक डेरिसोमाल्टोज दिलं, एफसीएम नाही. विचारल्यावर दाईने सांगितलं की एफसीएमनंतर काहींच्या रक्तातलं फॉस्फेट खूप खाली जातं, डेरिसोमाल्टोजमध्ये ते प्रमाण बरंच कमी. भारतात कुणी फॉस्फेट तपासतं का?

शेवंती

एका-दोन डोसच्या गरोदर बाईत नेहमी तपासत नाही. पण वारंवार एफसीएम घेणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं, खास करून पोटाच्या आजाराचे किंवा जास्त पाळी जाणारे, ज्यांना दर काही महिन्यांनी लागतं. हिमोग्लोबिन वाढलं तरी थकवा तसाच, स्नायू गळाल्यासारखे, हाडं दुखताहेत, असं असेल तर फॉस्फेट करून घ्या. नाहीतर थकवा बघून पुन्हा लोहच दिलं जातं आणि फॉस्फेट आणखी उतरतं. भारतात डेरिसोमाल्टोजही मिळतं, आयर्न आयसोमाल्टोसाइड या जुन्या नावानेही लिहिलेलं दिसेल.

मांजराकाठ

कळवते. फेरिटिन ६ आलं, लघवी साफ. आशाताईंनी फोन करून ठेवला होता, उपजिल्हा रुग्णालयात एफसीएमची ५०० ची कुपी मिळाली, एक पैसा लागला नाही. खाजगी डॉक्टरांनाही विचारलं होतं, त्यांनी एकूण हजारच लिहिले होते, दोन वेळांत.

सिस्टरांनी आधी बीपी, नाडी, मग बाळाचे ठोके ऐकले. साधं सलाईन सोडून शीर बघितली. मग कुपीतलं सिरिंजने ओढून १०० मिली सलाईनच्या बाटलीत घातलं, सगळी बाटली तपकिरी झाली. घड्याळ लावून पंधरा मिनिटांत संपवलं. पूर्ण वेळ सिस्टर खाटेपासून हलल्या नाहीत, ॲड्रेनालिनची कुपी आणि सिरिंज ट्रेमध्ये मांडून ठेवलेली.

शेजारच्या खाटेवर एका बाईला सुरू केल्यावर दोन मिनिटांतच चेहरा लाल झाला, छाती आवळल्यासारखी वाटली, कंबर दुखायला लागली. सिस्टरांनी लगेच बंद केलं, बीपी बघितला, तो ठीक होता, अंगावर पुरळ नव्हतं. थोड्या वेळात सगळं निवळलं आणि डॉक्टरांनी येऊन बघितल्यावर परत अगदी हळू सुरू केलं, पूर्ण गेलं. आम्ही घाबरलो होतो. ही ॲलर्जी होती का?

शेवंती

नाही, वर्णनावरून ती फिशबेन प्रतिक्रिया. सुट्या लोहामुळे येते, थांबवलं की आपोआप जाते, आणि सावकाश पुन्हा देता येतं. यावर घाईने ॲव्हिलसारखी ॲलर्जीची इंजेक्शनं मारली की त्यांनीच बीपी पडतो, ग्लानी येते, आणि मग साधी प्रतिक्रिया गंभीर वाटायला लागते. सिस्टरांनी थांबून बघितलं हे उत्तम केलं. खरी ॲलर्जी असती तर अंगावर गांधी, घरघर, ओठ-जीभ सुजणं, बीपी पडणं दिसलं असतं, आणि मग पुन्हा ते औषध कधीच नाही.

पुढचं: उद्या-परवा अंग मोडून आलं, सांधे दुखले, बारीक ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल. लोहाच्या गोळ्या तूर्त बंद, कधी सुरू करायच्या ते डॉक्टर सांगतील, फॉलिक ॲसिड मात्र चालू राहू दे. दुसरा डोस आठवड्यानंतर. हिमोग्लोबिन चार आठवड्यांनी करा. फेरिटिन लगेच करू नका, काही आठवडे ते खोटंच उंच दिसतं आणि घरचे उगाच निश्चिंत होतात. बाळंतपण रक्तपेढी असलेल्या ठिकाणीच ठरवा, आणि बाळंतपणानंतर सहा महिने गोळ्या चुकवू देऊ नका.

औषधपेटी

कुणाला काही त्रास झालाच तर बॅच नंबरसकट डॉक्टरांकडून नोंद करून घ्या. राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाचा मोफत फोन आहे, १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःही कळवू शकतो. दुकानदारालाही सांगा, म्हणजे त्या बॅचचा उरलेला माल बाजूला काढता येतो.

भीमातीर

उशिरा येतोय, प्रश्न थोडा वेगळा आहे. वडील डायलिसिसवर आहेत, सोलापूरला. हिमोग्लोबिन ९.४. रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनबरोबर दर आठवड्याला आयर्न सुक्रोज १०० देतात. आताच्या रिपोर्टमध्ये फेरिटिन ८२०. टेक्निशियन म्हणतो, हिमोग्लोबिन कमी आहे म्हणजे आयर्न चालू ठेवा, घेऊन या. मी अँप्युल विकत आणून देतो दर वेळी.

शेवंती

हा किडनीतज्ज्ञांचा प्रांत, पण पुढचे अँप्युल आणायच्या आधी त्यांना आजच विचारा. डायलिसिसच्या रुग्णांत फेरिटिनचे आकडे वेगळे वाचतात. २०१८ च्या पिव्होटल या ब्रिटिश अभ्यासात लोह सढळ हाताने दिलं आणि रुग्णांना फायदा झाला, पण तिथेही फेरिटिन ७०० च्या वर किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती टक्के लोह आहे ते) ४० च्या वर गेलं की थांबवत होते. वडिलांचं सॅच्युरेशन केलंय का? तो आकडा ८२० इतकाच महत्त्वाचा आहे. फेरिटिन इतकं वर असताना हिमोग्लोबिन चढत नसेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं: कॅथेटरला कुठे संसर्ग आहे का, एरिथ्रोपोएटिन पुरतंय का आणि ते थंड राहिलंय का, बी-१२, पॅराथायरॉइड.

औषधपेटी

भीमातीर, एरिथ्रोपोएटिनला मात्र फ्रीज लागतो, २ ते ८ अंश. दुकानातून बर्फाच्या पाऊचसकट घ्या, पण सिरिंज थेट बर्फाला टेकू देऊ नका, गोठली की गेली. आणि डायलिसिसच्या आदल्या दिवशी आणून ठेवत असाल तर फ्रीजच्या दारात ठेवू नका, आत मधल्या कप्प्यात ठेवा.

भीमातीर

सॅच्युरेशन केलेलं नाही. दारातच ठेवत होतो. उद्या सकाळी डॉक्टरांना भेटतो, सुक्रोज आणत नाही तोवर.